सीमाभागातल्या गावच्या सर्वांत जुन्या प्रोटेस्टंट चर्चचा इतिहास कसा लिहावा

शताब्दी जवळ आली की पास्टरेट कमिटीला (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीला) स्मरणिकेची आठवण होते, आणि तोवर हातात तीन-चार महिने उरलेले असतात. मग मागच्या स्मरणिकेतला इतिहास तसाच्या तसा उचलला जातो, त्यातल्या चुकांसह. खाली दिलेलं काम नीट करायचं तर किमान एक वर्ष धरा. दोन-तीन माणसं पुरतात. त्यांतल्या एकाला कानडी वाचता यायला हवं, एकाला हातानं लिहिलेलं जुनं वळणदार इंग्रजी, आणि मोडी वाचणारं कुणीतरी ओळखीचं हवं. रोमन कॅथलिक चर्चचे कागद वेगळ्या वाटेनं जातात (आधी गोव्याकडे, १९५३ पासून बेळगाव धर्मप्रांताकडे), म्हणून इथे फक्त प्रोटेस्टंट चर्चचं सांगितलं आहे.

पाच तारखा, पाच ओळी

‘आमचंच सर्वांत जुनं’ हा वाद बहुतेक वेळा खऱ्या माहितीवरूनच होतो. फक्त दोन्ही बाजू वेगवेगळ्या घटनांच्या तारखा सांगत असतात. म्हणून पहिल्याच दिवशी एका वहीत पाच ओळी आखा: गावात उपदेशक किंवा मिशनरी पहिल्यांदा राहायला आला ते वर्ष, पहिला बाप्तिस्मा, मंडळी (चर्चचे सभासद मिळून बनलेला समाज) रीतसर स्थापन झाली ती तारीख, पहिली प्रार्थनेची जागा, मग ती शाळेची खोली का असेना, आणि आज उभी असलेली इमारत. या पाचांत पन्नास-साठ वर्षांचं अंतर पडू शकतं.

बेळगाव शहराचंच उदाहरण घ्या. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून १८२० मध्ये बेळगावला आले आणि इथलं मिशनचं काम सुरू झालं. कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च बांधून झालं १८६९ मध्ये. ते लष्करी चॅप्लनच्या (फलटणीच्या पाद्र्याच्या) वळणातलं, अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीचं. कामाचं वय मोजायचं की इमारतीचं, आणि मंडळी कुणाची, हे ठरवल्याशिवाय ‘जुनं कोणतं’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तुमच्या गावातही तसंच असणार.

प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने ठेवा: तारीख, पुरावा, पुराव्याचा दर्जा. घटना घडली त्याच वेळी लिहिलेला कागद (रजिस्टर, खरेदीखत, त्या वर्षीचा अहवाल) म्हणजे ‘अ’. घटना पाहिलेल्या माणसानं नंतर लिहिलेलं म्हणजे ‘ब’. ऐकीव, स्मरणिका, भाषणं हे सगळं ‘क’. छापताना ‘अ’ तरी हवा, नाहीतर एकमेकांशी संबंध नसलेले दोन ‘ब’. इथे बहुतेक जण फसतात ते स्मरणिकांवरून. एका स्मरणिकेतलं वाक्य पुढच्या स्मरणिकेनं उचललेलं असतं, आणि तिच्यावरून तिसरीनं. हे तीन पुरावे होत नाहीत, एकच पुरावा तीनदा छापलेला असतो.

मिशन कोणतं, हद्द कुणाची

दप्तर शोधायला निघण्याआधी हे दोन प्रश्न सोडवावे लागतात, कारण सीमाभागात कागद जिल्ह्याप्रमाणे ठेवलेले नाहीत, मालकाप्रमाणे ठेवलेले आहेत.

मिशनांची विभागणी ढोबळमानानं अशी. बेळगाव आणि आसपास लंडन मिशन १८२० पासून होतं. १९०४ मध्ये त्यांनी हे क्षेत्र अमेरिकेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे सोपवलं. दक्षिणेकडे स्वित्झर्लंडचं बासेल मिशन होतं: धारवाड १८३७, हुबळी १८३९, गदगजवळचं बेटगेरी १८४१. उत्तरेकडून कोल्हापूरचं काम खाली आलं. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि पुढे सांगली, मिरज, निपाणी अशी ठाणी झाली. म्हणजे बेळगाव आणि निपाणी आज एका जिल्ह्यात असली, तरी त्यांच्या चर्चचे जुने कागद दोन वेगळ्या संस्थांकडे गेले.

पाटीवर किंवा रजिस्टरच्या मुखपृष्ठावर चर्चचं जे नाव आहे त्यावरून काळाचा अंदाज येतो. ‘मेथडिस्ट एपिस्कोपल’ किंवा ‘एम. ई. चर्च’ असं असेल तर मजकूर १९०४ ते १९३९ च्या दरम्यानचा असण्याची शक्यता मोठी, कारण १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट शाखा एक झाल्या आणि ‘एपिस्कोपल’ हा शब्द नावातून गेला. ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ हे त्यानंतरचं, आणि ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ १९८१ पासूनचं. ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ २७ सप्टेंबर १९४७ च्या आधी नव्हतंच, आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ २९ नोव्हेंबर १९७० च्या आधी नव्हतं. १९३० सालच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पाटीवर सीएसआयचं (चर्च ऑफ साउथ इंडियाचं) नाव दिसलं तर पाटी नंतर बसवलेली आहे, एवढं नक्की.

आता हद्द. १८३६ पर्यंत बेळगाव हा वेगळा जिल्हाच नव्हता, धारवाड कलेक्टरीचा भाग होता. त्याआधीचे महसुली कागद धारवाडच्या नावावर शोधायचे. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचे सात तालुके आहेत: अथणी, चिकोडी, गोकाक, परसगड, संपगाव, बेळगाव, खानापूर. बैलहोंगल शोधताना संपगाव आणि सौंदत्ती शोधताना परसगड उघडलं नाही तर काहीच सापडत नाही. शिवाय शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. तिथल्या चर्चच्या जमिनीचा कागद इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात मिळणार नाही. रायबागसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठा.

रजिस्टरं: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पास्टरेट कमिटीचा ठराव आधी करून घ्या: कोण बघणार, कुठे बसून बघणार, फोटो कुणाकडे राहणार. मेथडिस्ट मंडळीत डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंटना आणि सीएसआयमध्ये बिशप कार्यालयाला पत्र द्यावं. रजिस्टर घरी न्यायचं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या इंडियन ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्टखालचा कायदेशीर दस्त आहे. ते हरवलं तर पाळकसाहेब अडचणीत येतात.

कपाटात सहसा बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न, दफन अशी चार रजिस्टरं असतात. शिवाय सभासदांची यादी, पंचांच्या किंवा कमिटीच्या सभांची इतिवृत्तं आणि वर्गणीची वही. इतिवृत्तांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण इमारतीची माहिती तिथेच असते: कौलं बदलली, घंटा दुरुस्त केली, कंपाऊंडची भिंत पडली, वाळूचे पैसे दिले. वर्गणीच्या वहीत ‘बिल्डिंग फंड’ हे खातं ज्या महिन्यात पहिल्यांदा दिसतं तिथे खूण करा.

फोटो घेताना रजिस्टर सपाट दाबू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली गुंडाळलेले टॉवेल ठेवून ते अर्धवट उघडं धरा, म्हणजे शिवण तुटत नाही. फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरे. प्रत्येक फोटोत पानाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत आणि पहिल्या फोटोत शेजारी पट्टी ठेवलेली हवी. कोरी पानंही घ्या, नाहीतर ‘मधली पानं गेली का घेतलीच नाहीत’ हा प्रश्न नंतर सुटत नाही. फाइलच्या नावात रजिस्टरचा प्रकार, खंड आणि पान एवढंच ठेवा. प्रती तीन, तीन वेगळ्या घरांत. त्यांतली एक चर्चच्या कपाटात पेनड्राइव्हवर.

पावसाळ्यात हे काम काढू नका. खानापूर आणि बेळगावच्या पावसात कागद ओलसर असतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई वर येते. जानेवारी ते एप्रिल उत्तम. बुरशी दिसली तर रजिस्टर सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस उभं ठेवा, मग तोंडाला मास्क लावून मऊ कुंचल्यानं झाडा. उन्हात टाकू नका, शाई उडते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. काम झालं की धुतलेल्या सुती रुमालात बांधून ठेवा. कडुनिंबाचा पाला टाकायचाच असेल तर रुमालाच्या बाहेर, आत ठेवला तर पानांवर डाग पडतात.

आता वाचताना काय बघायचं. पहिलं: ‘खंड एक’ खरंच पहिला आहे का? वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत, एकसारख्या अंतरावर असतील तर ते रजिस्टर नंतर नकलून काढलेलं आहे. नक्कल करताना नावं गळतात आणि वर्षं सरकतात. अशा रजिस्टरला ‘अ’ देऊ नका, ‘ब’ द्या. नक्कल कोणत्या वर्षी झाली ते कळण्यासाठी अक्षर आणि शाई कुठे बदलते ते शोधा, त्याच्या आसपास झालेली असते.

दुसरं: तारखेचा क्रम. इंग्रज पाद्री आधी दिवस लिहायचे, अमेरिकन आधी महिना. १९०४ नंतर बेळगावच्या मेथडिस्ट रजिस्टरांत दोन्ही पद्धती मिसळलेल्या दिसू शकतात. पडताळा वारावरून घ्या, कारण बाप्तिस्मे बहुतेक रविवारी व्हायचे. ‘३/५/१९११’ ही नोंद आपल्या पद्धतीनं वाचली तर ३ मे, बुधवार. अमेरिकन पद्धतीनं वाचली तर ५ मार्च, रविवार. एका पानावरच्या दहा नोंदी अशा तपासल्या की लिहिणाऱ्याची सवय कळते.

तिसरं: प्रौढांचा बाप्तिस्मा आणि बाळाचा बाप्तिस्मा एकाच रजिस्टरमध्ये असतो. जन्मतारखेचा रकाना कोरा असला की वाचणारा बाप्तिस्म्याची तारीखच जन्मतारीख समजतो आणि वंशावळ पंचवीस वर्षांनी चुकते. प्रौढाचं आधीचं नाव आणि नंतरचं नाव दोन्ही उतरवा. आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेलं असेल तर चारही तसंच ठेवा, स्वतः सुधारू नका.

चौथं: भाषा. एकाच मंडळीत मराठी, कानडी आणि सुरुवातीच्या काळात तामिळ नावं शेजारी-शेजारी येतात. बेळगावात आधी मद्रासच्या फलटणी होत्या. त्यांच्याबरोबर तामिळ बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं आली, आणि लंडन मिशनच्या सुरुवातीच्या मंडळीत त्यांचा वाटा मोठा होता. ‘आमची मंडळी पहिल्यापासून मराठी’ किंवा ‘पहिल्यापासून कानडी’ हे दोन्ही दावे रजिस्टरपुढे सहसा टिकत नाहीत. साक्षीदारांच्या सह्या कोणत्या लिपीत आहेत ते दशकवार मोजा. रोमन, मोडी, बाळबोध (देवनागरी), कानडी, तामिळ आणि अंगठे अशी मोजणी केली तर उपासनेची भाषा कधी बदलली याचा चांगला पुरावा हाती येतो.

दफनाच्या रजिस्टरमध्ये १८९६ नंतरची प्लेगची वर्षं आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा ठळक दिसायला हवा. त्या वर्षांत नोंदी वाढलेल्या नसतील तर दोनच शक्यता उरतात: मंडळी गाव सोडून माळावर राहायला गेली होती, किंवा त्या काळात रजिस्टर नीट लिहिलं गेलं नाही. इतिवृत्त बघून ठरवा.

लग्नाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल तर आशा सोडू नका. नोंदींच्या प्रती सरकारी निबंधकाकडे पाठवाव्या लागत. १९५६ च्या आधीच्या प्रतींची चौकशी मुंबईला करा, कारण तोवर बेळगाव मुंबईकडे होतं.

दगड, कौलं, घंटा

इमारत स्वतःबद्दल बरंच सांगते. तरीही त्यातली कुठलीही एकच खूण धरून वर्ष ठरवू नका.

कोनशिलेपासून सुरुवात करा. बेळगावच्या पश्चिमेला बांधकाम जांभ्याचं असतं, आणि जांभा सच्छिद्र म्हणून त्यावर बारीक अक्षर कोरता येत नाही. त्यामुळे लेखाची शिळा काळ्या दगडाची किंवा संगमरवरी असते आणि भिंतीत नंतर बसवलेली असते. जे बसवता येतं ते काढून दुसरीकडेही लावता येतं. शिळेभोवतीचा चुना भिंतीच्या चुन्यासारखा आहे का बघा. शिळेभोवती सिमेंट आणि बाकी भिंतीला चुना असेल तर शिळा हलवलेली आहे किंवा नंतरची आहे. आपल्याकडे सिमेंट सर्रास वापरात आलं ते १९२०-३० नंतर. भिंतींतल्या स्मृतिपाट्यांचंही तसंच. माणूस १८५४ ला वारला म्हणून चर्च १८५४ चं होत नाही. जुनी इमारत पाडताना पाट्या नव्या इमारतीत आणलेल्या असतात.

कौलांवरून फार लोक फसतात. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा उठवलेला सापडतो, आणि ‘आमचं छत १८६५ चं’ असं छापलं जातं. ते कारखान्याच्या स्थापनेचं वर्ष असतं, कौल भाजल्याचं नाही. मंगळुरी कौलं आमच्या भागात सहज येऊ लागली ती १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आल्यावर. छताखालच्या वाशांना जुन्या नळीच्या कौलांच्या रुंदीच्या खुणा किंवा जास्तीचे खिळे दिसले तर छत एकदा तरी बदललेलं आहे. लोखंडी तुळईवर टाटाचं नाव असेल तर ती १९१२ च्या आधीची असू शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला त्या वर्षी सुरुवात झाली.

घंटेवर ओतणाऱ्याचं नाव असतं. शिडी लावून घंटेच्या खांद्यावरचा आणि कडेजवळचा, दोन्हीकडचा मजकूर वाचा. ‘मीअर्स अँड स्टेनबँक’ हे व्हाइटचॅपलच्या ओतशाळेचं नाव १८६५ पासूनचं, त्यामुळे घंटा त्यानंतरची. पण घंटा भेट म्हणून दुसऱ्या चर्चमधूनही येते. ती वाजवून तपासू नका. ती ज्यावर टांगलेली असते ते जुनं लोखंडी जू गंजलेलं असतं.

आतली मांडणी कुणाची परंपरा ते सांगते. वेदी पूर्वेकडे, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दारापाशी, व्यासपीठ बाजूला, अशी रचना अँग्लिकन वळणाची. साधा लांबट हॉल, मधोमध व्यासपीठ आणि पुढे प्रभुभोजनाचं मेज असेल तर लंडन मिशनसारख्या मंडळींची. छावणीतल्या चर्चमध्ये बाकांच्या पाठीला बंदुका टेकवायच्या खाचा आहेत का बघा. १८५७ नंतर गोरे शिपाई उपासनेला हत्यारांसह बसत. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत फोटो काढण्याआधी लेखी परवानगी घ्या. लष्कराच्या भिंतीकडे कॅमेरा वळला तर काम तिथेच थांबतं.

दफनभूमीत सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. तिरपा उजेड पडला की झिजलेली अक्षरं वर येतात. दुपारी गेलातच तर दोघं जण लागतात: एकानं आरशानं उजेड बाजूनं पाडायचा, दुसऱ्यानं फोटो घ्यायचा. अक्षरांत खडू, पीठ किंवा राख चोळू नका. शेवाळ काढायचं तर साधं पाणी आणि मऊ प्लास्टिकचा ब्रश, खालून वर, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. तारेचा ब्रश आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड यांनी संगमरवरावरचा लेख कायमचा जातो. अ‍ॅसिडनं संगमरवर विरघळतो, डाग मात्र निघत नाही. शिशाची अक्षरं बसवलेल्या पाट्यांवरून अक्षरं गळून पडलेली असतात, पण ती रोवायला पाडलेली बारीक भोकं उरतात. भोकांची नक्षी कागदावर टिंबांनी उतरवली की अक्षर ओळखता येतं.

मजकूर उतरवताना दगडावर ओळ जिथे तुटते तिथे कागदावरही तोडा. न दिसणारं अक्षर चौकटी कंसात टाका, स्पेलिंग आहे तसं ठेवा. रंगवलेल्या अक्षरांपासून सावध राहा. दर काही वर्षांनी कुणीतरी श्रद्धेनं काळा ऑइलपेंट भरतो आणि अर्धवट झिजलेला ६ त्याच्या हातून ८ होतो. कानडी आकड्यांत ६ आणि ९ झिजल्यावर जवळपास सारखे दिसतात. अशा ठिकाणी बोट फिरवून खोलगट भाग चाचपा, रंगावर विश्वास ठेवू नका. लेखात शक वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा (पौषापासूनच्या महिन्यांत ७९ होऊ शकतात), फसली म्हणजे जुनं महसुली वर्ष असेल तर ५९०. फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

म्हाताऱ्या माणसांकडून

साल विचारू नका. आठवणींना खुंट्या द्या: १९२४ ची बेळगावची काँग्रेस, १९५६ ची राज्य पुनर्रचना, बहात्तरचा दुष्काळ, श्याऐंशीचं कानडी सक्तीचं आंदोलन. ‘काँग्रेस भरली तेव्हा घंटाघर होतं का, असं तुमचे वडील सांगायचे?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं. ‘घंटाघर कधी बांधलं?’ याला मिळतं ते अंदाज किंवा स्मरणिकेतलं पाठ केलेलं वाक्य. उपदेशकांच्या आणि बायबल स्त्रियांच्या (घरोघर जाऊन बायबल शिकवणाऱ्या बायकांच्या) घरच्यांना आधी भेटा. पाळक बदलून जातात, ही घरं गावात राहतात, आणि फोटो त्यांच्याच ट्रंकेत असतात. फोटोच्या मागची बाजूही टिपून घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथे असतो.

बाहेरची दप्तरं

लंडन मिशनची पत्रं आणि अहवाल लंडन विद्यापीठातल्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. तिथल्या यादीत ‘मराठी’ किंवा ‘बॉम्बे’ शोधून बेळगाव सापडत नाही. ते ‘साउथ इंडिया – कॅनरीज’ या मालिकेत आहे, कारण हे ठाणं बळ्ळारीकडून उभं राहिलं. मेथडिस्ट काळासाठी साउथ इंडिया कॉन्फरन्सची (मेथडिस्टांच्या विभागीय परिषदेची) वार्षिक इतिवृत्तं बघा. अमेरिकेतलं मेथडिस्ट पुराभिलेखागार न्यू जर्सीत ड्रू विद्यापीठाच्या आवारात आहे. निपाणीकडच्यांसाठी फिलाडेल्फियाची प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी, बासेलसाठी खुद्द बासेलचं मिशन २१ (बासेल मिशनचा वारसा चालवणारी आजची संस्था). बासेलचे जुने फोटो त्यांच्या संकेतस्थळावर गावाच्या नावानं बघता येतात. या सगळ्यांना ईमेल पाठवताना ‘आमच्या चर्चचा इतिहास पाठवा’ असं लिहू नका. गाव, दशक आणि मिशनऱ्याचं आडनाव दिलं तर उत्तर येतं.

छापील अहवालांचा मोठा भाग इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. शोधताना बेळगावची इंग्रजी स्पेलिंगं निदान तीन-चार प्रकारे टाका. ‘बेळगावी’ हे अधिकृत रूप २०१४ चं, त्या स्पेलिंगनं जुनं काही येत नाही. चिकोडीचं ‘चिकोरी’, निपाणीला एक किंवा दोन ‘पी’, अथणीला एक ‘ए’ कमी, असेही प्रकार करून बघा. अहवालाच्या वर्षाची एक मेख आहे: १८७३ चा म्हणून छापलेला अहवाल बहुधा १८७२ च्या कामाचा असतो. शीर्षकावरचं वर्ष घेतलं तर सगळ्या तारखा एकेक वर्षानं पुढे सरकतात. तक्त्यात ‘सभासद’ आणि ‘बाप्तिस्मा झालेले अनुयायी’ हे वेगळे रकाने असतात. एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा रकाना घेतला की मंडळी अचानक तिप्पट झाल्यासारखी दिसते.

युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या ‘एन’ मालिकेत आहेत: एन/३ मुंबईची, एन/२ मद्रासची. बेळगावच्या १८२०-३० च्या दशकांसाठी दोन्ही बघा. स्थानिक मंडळीची नावं तिथे फार थोडी. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईच्या पुराभिलेख विभागात एक्लेझिअ‍ॅस्टिकल डिपार्टमेंटचे (चर्चविषयक सरकारी खात्याचे) खंड आहेत. छावणीतलं चर्च असेल तर खर्च, चॅप्लनची नेमणूक, दुरुस्ती यांची पत्रं तिथे शोधायची. १९५६ पर्यंतचा बेळगाव मुंबईचा, हे लक्षात ठेवलं की बेंगळुरूची एक फेरी वाचते. मराठीत १८४२ पासून निघालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक चाळा: पाळकांचे मृत्युलेख, चर्चच्या इमारतींचे समर्पणविधी, शाळांच्या बातम्या.

जमिनीचे कागद

शहरात सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि त्यामागची चौकशी नोंदवही मागा. पत्रिकेवर फक्त सध्याचं नाव असतं. जागा कुणाकडून आली ते चौकशी नोंदवहीत लिहिलेलं असतं. खेड्यात सर्व्हे नंबर घेऊन आकारबंद, टिपण आणि जुना हक्कपत्रकाचा उतारा काढा. जुने उतारे मराठीत किंवा मोडीत असतात, नवीन कानडीत. कार्यालयातल्या नव्या कर्मचाऱ्याला मोडी कागद दिसला तरी तो काय आहे ते कळत नाही, म्हणून मागणीच्या अर्जात सर्व्हे नंबर आणि वर्ष दोन्ही लिहा. मेथडिस्टांकडे आलेल्या जागांसाठी सब-रजिस्ट्रारकडे १९०४ च्या पुढच्या काही वर्षांचे इंडेक्स तपासा. कॅम्पातली जागा असेल तर कॅन्टोन्मेंटच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये ती ‘ओल्ड ग्रँट’ (मालकी सरकारची, वापर दुसऱ्याचा) म्हणून आहे का ते बघा. १९५० चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त कायदा इथेही लागू होता, त्यामुळे त्या काळच्या ट्रस्ट नोंदणीच्या अर्जात चर्चच्या मालमत्तेची यादी आणि स्थापनेचं वर्ष सापडू शकतं. पण ते वर्ष कमिटीनं स्वतः भरलेलं असतं, तेव्हा ते ‘क’ धरा.

एक इशारा. चर्चच्या जागेवर खटला चालू असेल तर जमिनीचं प्रकरण छापण्याआधी वकिलाला वाचायला द्या. इतिहासाच्या पुस्तकातलं वाक्य कोर्टात पुरावा म्हणून ठेवलं जातं.

लिहिताना आणि छापताना

पाळकांच्या यादीनं सुरुवात करू नका. ती शेवटी तक्त्यात द्या. वाचकाला आधी हवं असतं की पहिली कुटुंबं कोणती, कुठून आली, काय काम करत होती, शाळा कुठे भरत होती. रजिस्टरमधला ‘धंदा’ हा रकाना इथे कामाला येतो: शिपाई, शिक्षक, बटलर, कोष्टी, शेतमजूर. दशकवार मोजणी करून दोन परिच्छेद लिहिले तरी गावाचं चित्र उभं राहतं. दुष्काळाच्या वर्षांत बाप्तिस्मे वाढले असतील तर आकडा द्या आणि त्या वर्षी मिशननं अन्नछत्र किंवा अनाथालय चालवलं होतं का तेही सांगा. टीकाकारांना आणि भक्तांना दोघांनाही आवडेल असा निष्कर्ष तुम्ही काढून द्यायची गरज नाही.

जातीचा उल्लेख जुन्या रजिस्टरांत असतो. सामाजिक घडण सांगण्यापुरता तो एकत्रित आकड्यांत वापरा. हयात कुटुंबाच्या नावापुढे जात किंवा पूर्वजाच्या बाप्तिस्म्याचा तपशील त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय छापू नका. यावरून खरोखरची अडचण होते, सरकारी दाखल्यांपासून सोयरिकीपर्यंत.

गावांची नावं मराठी आणि कानडी दोन्ही रूपांत पहिल्यांदा द्या, मग एकच रूप पाळा. पुस्तक दोन्ही भाषांत काढणं शक्य असेल तर काढा. मंडळीत दोन उपासना होत असतील तर एकाच भाषेतल्या पुस्तकावर पहिल्याच रविवारी कुरबुर होते. अनुवाद दुसऱ्या माणसाकडून करून घ्या आणि तारखा मूळ वहीशी पुन्हा ताडून बघा, कारण आकड्यांच्या चुका बहुतेक अनुवाद आणि टायपिंगमध्ये शिरतात.

पाच तारखांचा तक्ता पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापा, पुराव्याच्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ खुणांसह. नवी संगमरवरी पाटी बसवायची कमिटीला घाई असते. तिला तक्ता पक्का होईपर्यंत थांबवा, आणि पाटीवर नुसतं ‘स्थापना’ न लिहिता कशाची स्थापना ते लिहा: मंडळीची की इमारतीची. जुनी पाटी चुकीची ठरली तरी काढू नका, शेजारी नवी लावा. छापील पुस्तकाच्या दोन प्रती आणि फोटोंची एक ड्राइव्ह बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या पुराभिलेख विभागाकडे पाठवा, एक प्रत जिल्हा ग्रंथालयाला द्या. कामाची कच्ची वही चर्चच्या कपाटात रजिस्टरांच्या शेजारी ठेवा. पुढच्या स्मरणिकेवाल्यांना पुस्तकापेक्षा तीच जास्त लागेल.